ड्वेन लेथ आणायला जातो

"हॅलो? … कोण? … ड्वेन? अरे मोठ्याने बोल. माझे दोन्ही हात खिम्यात आहेत."

आर्लिसने फोन कान आणि खांदा यांच्यामध्ये दाबून धरला आणि पुढचा गोळा वळायला घेतला. मिनेसोटातल्या त्या गावात ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी चर्चचं मीटबॉलचं जेवण असतं, आणि गेली एकोणीस वर्षं त्यातले साडेचारशे गोळे आर्लिस लिंडग्रेनच्याच ओट्यावर वळले जातात. तिचा नवरा पहाटे पिकअप घेऊन निघाला होता, दीडशे मैलांवर एका माणसाच्या घरून मोठा लेथ आणायला. खरं तर तिनेच जायला हवं होतं. लाकूड कातणारी ती. ड्वेनला लेथ आणि शिवणयंत्र यांतला फरक सांगता येतो, फक्त सांगताना तो शिवणयंत्रापासून सुरुवात करतो.

"पोचलास? … केव्हा? … सव्वानऊला? आणि फोन आत्ता करतोयस? पाऊण तास काय केलंस तिथे? … हवापाण्याच्या गप्पा. बरं. … हो, इकडेही गारच आहे. ड्वेन, तू दीडशे मैल गेलायस, दुसऱ्या देशात नाही. हवा तीच आहे. लेथ बघितलास का? … अजून नाही. … का अजून नाही?

"थांब. एकशे अडतीस, एकशे एकोणचाळीस… हं, बोल. … कॉफी? कॉफीचं काय? … दिली नाही? विचारलंच नाही? … विचारलं. मग? … नको म्हणालास. … परत विचारलं. परत नको म्हणालास. … आणि मग? … मग त्या बाईने किटली उचलून ठेवून दिली."

आर्लिसने डोळे मिटले. त्यांच्या भागात कुणी कॉफी विचारली की पहिल्यांदा 'छे छे, उगाच तुम्हाला त्रास' म्हणतात. दुसऱ्यांदा 'नको हो, खरंच' म्हणतात. तिसऱ्यांदा विचारल्यावर 'बरं, अर्धा कप' म्हणून दीड कप पितात. पहिल्याच फटक्यात हो म्हणणारा हावरट, आणि दोनदा विचारून गप्प बसणारा यजमान चिक्कू. हे कुणी कुणाला शिकवत नाही. तिथली पोरं चालायच्या आधी दोनदा नको म्हणायला शिकतात.

"ड्वेन, अरे ते लोक मूळचे न्यू जर्सीचे आहेत! डिमार्को. काल जेवताना सांगितलं होतं तुला. … हो, सांगितलं होतं, तू बीटाला मीठ लावत होतास. न्यू जर्सीत नको म्हणजे नको असतं. … हो, एकदाच विचारतात. तिने दोनदा विचारलं म्हणजे बाई मनाने मोठी आहे. … नाही, आता नाही मागायची. आता मागितलीस तर तिला वाटेल तुला भ्रम झालाय. गाडीत थर्मास दिलाय ना? … संपवलास? दीडशे मैलांत? … बरं. लेथकडे जा. … हो, आत्ता. माझी पिवळी टेप घेऊन जा. … जाहिरात? इथे आहे, फ्रिजवर, माझ्या समोर. चोवीस इंची, साडेपाचशे पौंड, दोन घोड्यांची मोटर, दोनशेवीस व्होल्ट. … हो, खालून वाकडी कापलीय. कडा लोंबत होती म्हणून. तू लेथकडे जा."

तो चालत गेला तेवढ्यात तिचे चार गोळे झाले.

"समोर आहेस? … कसा आहे? … 'बरा आहे.' ड्वेन, लग्नाच्या दिवशी मला बघून तू हेच म्हणाला होतास. जरा सविस्तर सांग. … हिरवा आहे. ठीक, रंग कळला. … अजून? … जड दिसतो. लोखंडाचा आहे, ड्वेन, जड दिसणारच. आता टेप लाव. जिथे लाकूड अडकवतात ती दांडी आहे ना मोटरच्या तोंडाशी… हो, तीच, आटे असलेली. तिच्या मध्यापासून खाली रुळापर्यंत किती? … रूळ म्हणजे ते दोन लोखंडी पट्टे, ज्यांच्यावरून मागचा ठोकळा सरकतो. … किती? … बारा. छान. … नाही, छान. … अरे घाबरतोस काय, छानच आहे! … फसवलं नाही त्याने. चोवीसच आहे तो. … ऐक ना. ऐक. ओंडका फिरतो की नाही? दांडीभोवती फिरतो. मधून खाली बारा, मग मधून वर किती? … वर छत आहे, हो, पण ओंडका गोल आहे! बारा खाली, बारा वर. झाले चोवीस. … आपल्याकडचा? आपल्याकडच्यावर सहा येतील. … हो, म्हणूनच त्याला बारा इंची म्हणतात. … अकरा वर्षं मी तळघरात त्याच्यावर उभी आहे, ड्वेन. तुला काय वाटत होतं, बारा कशाचे? … तुला वाटलं ते मॉडेलचं नाव आहे.

"त्या माणसाला काही बोलला नाहीस ना? … बोललास. काय बोललास? … 'हा जरा वेगळाच आहे' म्हणालास. तोंडावर?"

'जरा वेगळाच आहे' ही त्या भागातली सगळ्यात मोठी शिवी. पाळकाच्या प्रवचनाला ती एकदाच पडली होती, आणि पाळकाने पुढच्या वसंतात बदली मागून घेतली.

"जाऊ दे. न्यू जर्सीच्या माणसाला ती लागणार नाही. त्याने आभार मानले असतील. … मानले ना? बघ."

एवढी मापं घ्यायला कारण होतं. जुलैच्या वादळात गावच्या ग्रंथालयाच्या दारातला मेपल आडवा झाला. ग्रंथपाल म्युरिएल नायक्विस्ट एका संध्याकाळी त्याच्या बुंध्याचा एक ओंडका शेजारच्या मर्लच्या ट्रॅक्टरवर घालून आर्लिसच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, याची एकच मोठी काठवट करून दे. हिवाळाभर मुलं हातमोजे विसरून जातात, ते सगळे तिच्यात ठेवू. आर्लिसने अर्थातच लगेच हो म्हटलं नाही. तिसऱ्यांदा म्हटलं. पण एकदा म्हटलं ते म्हटलं. ओंडका एकवीस इंच, तिचा लेथ बारा इंची. तिने ओंडक्याच्या टोकांना मेण लावलं, वर ओली पोती टाकली, दर दोन दिवसांनी पोती भिजवली. पण ओलं लाकूड सुकताना तडकतंच. काल सकाळी टोकाला पहिली चीर दिसली होती, नखाएवढी रुंद. चीर मध्यापर्यंत पोचली की त्या मेपलची काठवट होणार नव्हती, फक्त सरपण होणार होतं, आणि म्युरिएल काही बोलली नसती. ते बोलण्यापेक्षा वाईट.

"आता उंची. हे नीट ऐक, माझ्या पाठीचा प्रश्न आहे. तीच दांडी. ती कोपराच्या उंचीला यायला हवी, नाहीतर दिवसभर वाकून काम करावं लागतं. उभा राहा आणि बघ. … अगदी बरोबर? … तंतोतंत? … ड्वेन. … कोपर कुणाचं? … माझं कोपर तिथे आहे का? … तू सहा फूट एक. मी पाच फूट पाच. … हं. आता कळलं. … गुडघ्यावर? नको, नको, गुडघ्यावर बसू नकोस, त्या गुडघ्याने परत उठणार नाहीस आणि लेथऐवजी तुलाच उचलून आणावं लागेल. असं कर. माझं कोपर तुझ्या कुठे येतं? … चाळीस वर्षं चर्चमध्ये शेजारी उभी राहते मी तुझ्या. आठव. … पट्ट्याच्या बक्कलाशी. बरोबर. मग बक्कलापासून दांडी किती वर आहे? … पोट आत घे आणि मोज. … पाच इंच.

"म्हणजे मला उभं राहायला पाट लागणार. … हो, तू करून देशील. … हो, मला माहीत आहे तू करून देशील. वरच्या कपाटाचं दारही तू करून देणार होतास. … नाही, टोमणा नाही मारला. गोळे मोजते. एकशे… बघ, विसरले. एकशे सत्तर धरते."

तिने पहिल्या ट्रेमधले चाळीस गोळे ओव्हनमध्ये सरकवले, दार पायाने लावलं, बारा मिनिटांचा गजर लावला. एकशे सत्तर गोळे आणि दहा प्रश्न. ती स्वतः तिथे उभी असती तर यांतला एकही प्रश्न पडला नसता.

"वजन? … हो, साडेपाचशे पौंड, आत्ताच वाचून दाखवलं. … अरे आख्खा थोडाच न्यायचाय! मोटरचं डोकं सरकवून काढता येतं, मागचा ठोकळा निघतो, पाय सुटतात. … मग नुसता रूळ उरतो. … तळघराला तेरा पायऱ्या आहेत, नवीन नाही ते. … वळण आहे, हो. मी मोजलंय. … अरे पुठ्ठा कापून नेऊन बघितलाय! रुळाच्या मापाचा पुठ्ठा, जिन्यावरून खाली. वळणावर दोन इंच मोकळे राहतात. … हो, दोन्ही बाजू मिळून दोन. … तू, मी, मर्ल आणि मर्लचा जावई. … मर्लची पाठ मला ठाऊक आहे. मर्लची पाठ सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे, त्यांच्या घरच्या ख्रिसमसच्या पत्रात तिला वेगळा परिच्छेद असतो.

"वीज? … तेही बघितलंय. कपडे वाळवायच्या मशीनला दोनशेवीस आहे. ती काढायची, ही लावायची. … हो, एका वेळी एकच. सोमवारी कपडे, मंगळवारी काठवट. … छत खाली आहे, हो, माझं डोकं कुठे लागतंय? … भुसा? भुसा अकरा वर्षं वर येतोच आहे. मागच्या महिन्यात तुझ्या ओटमीलवर पडला तो तू दालचिनी समजून खाल्लास आणि आज चव छान आहे म्हणालास.

"गॅरेज? … गॅरेजचं काय? … हो, तिथे दोनशेवीस आहे. … हो, पायऱ्या नाहीत. … हो, उजेड आहे. ड्वेन, गॅरेजमध्ये बोट आहे. … नाही, मी काही म्हणत नाहीये. … मी म्हणाले का काही? मी एवढंच म्हणाले, बोट आहे. … राहू दे. तळघर चांगलं आहे. … म्हटलं ना, तळघर चांगलं आहे."

ती बोट ड्वेनची आणि त्याच्या धाकट्या भावाची, गॉर्डीची. दोघे मे महिन्यापासून बर्फ पडेपर्यंत दर शनिवारी त्या बोटीत बसून मासे धरायचे आणि दिवसभरात मिळून नऊ-दहा वाक्यं बोलायचे. गॉर्डी गेल्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून बोट ताडपत्रीखाली गॅरेजमध्ये उभी होती, आणि आर्लिस तिच्या कडेकडेने जात होती, कुणी झोपलेलं असावं तशी. मागच्या डिसेंबरात ड्वेनने बटाटे सोलता सोलता विचारलं होतं, 'बोट हलवू का तिथून? तुला जागा होईल.' ती म्हणाली, 'छे, कशाला.' फेब्रुवारीत त्याने परत विचारलं. ती म्हणाली, 'नको रे, खरंच.' मग मार्च आला, एप्रिल आला, तळ्यावरचं बर्फ फुटलं. आर्लिस वाट बघत राहिली. तिसऱ्यांदा त्याने विचारलं नाही. तेव्हा तिने जिन्यासाठी पुठ्ठा कापला.

"ड्वेन, एक मिनिट. माझ्या वहीत ओंडका एकवीस लिहिलाय. सालीसकट की सालीशिवाय ते लिहिलेलं नाही. … चोवीसात बसेल रे, पण हत्यार टेकवायचा जो टेकू असतो, त्याचा पाय रुळावर बसतो. तो ओंडक्याच्या खालून सरकला पाहिजे. सालीसकट तेवीस असला तर घासेल. … मोजून येते. … आत्ता. … ओंडका गॅरेजमध्येच आहे ना, दुसरीकडे कुठे असणार? … का नको?

"वहीतलं बरोबर आहे हे तू कसं सांगतोस? तू माझी वही कधी बघितलीस? … गोळे करपत नाहीत, अजून आठ मिनिटं आहेत. … पाऊस नाहीये. … बाहेर गार आहे, मिनेसोटा आहे, गार असणारच. … ड्वेन, मी गॅरेजमध्ये जाऊ नये असं का वाटतंय तुला? … ड्वेन. काय मोडलंयस?"

तिने एका हाताने दुसरा हात एप्रनला पुसला, फोन हातात घेतला आणि अंगण ओलांडून गॅरेजचं बाजूचं दार उघडलं.

"मला आधीच सांग. खिडकी? मागच्या वेळी खिडकी होती. खिडकी असेल तर मी चिडणार नाही, पण आधी सांग, काचा असतील तर मी चपला…

"…

"ड्वेन. … बोट कुठे आहे?"

सिमेंटवर एक लांबट चौकोन होता, बाकीच्या जमिनीपेक्षा फिका. सहा वर्षांची धूळ त्याच्या चारी बाजूंना होती, आत नव्हती. खिडकीतून येणारा उजेड पहिल्यांदाच समोरच्या भिंतीपर्यंत पोचत होता. कोपऱ्यात ओल्या पोत्यांखाली ओंडका एकटाच होता, आणि बोट शेजारी नसल्यामुळे एकदम लहान दिसत होता.

"तुझ्या मागे. … मागे म्हणजे कुठे? … त्यांच्या अंगणात. … पिकअपला जोडून नेलीस. … मला आवाज कसा नाही आला? … ढकलत? रस्त्यापर्यंत हाताने ढकलत नेलीस? त्या गुडघ्याने? … मर्ल होता. म्हणजे मर्लला माहीत होतं. … मर्लच्या पाठीलाही माहीत होतं, आणि मला नाही.

"पण तुला कुणी सांगितलं, त्याला बोट हवीय म्हणून? … जाहिरात? जाहिरातीत कुठे… ती ओळ मी कापली होती, ड्वेन."

कापली होती खरी. जाहिरातीची शेवटची ओळ होती: 'किंवा मासेमारीच्या चांगल्या बोटीच्या बदल्यात.' ड्वेनने ती वाचली असती तर तो काही बोलला नसता. फक्त जेवताना ताटाकडे बघत बसला असता. म्हणून तिने फ्रिजवर लावायच्या आधी कात्री घेतली होती.

"फोनवर त्यानेच विचारलं. बोट आहे का म्हणून. … आणि तू काय म्हणालास? … 'असेल एखादी.' … केव्हाची गोष्ट ही? … सोमवारची. म्हणजे सोमवारपासून आज शनिवारपर्यंत तू मला पायऱ्या विचारतोयस. वळण विचारतोयस. … हो, ते कळलं, तुला वाटलं मीच गॅरेज म्हणेन. मी कशी म्हणेन, ड्वेन? … मी कशी म्हणेन?

"… नाही, रडत नाहीये. कांदा आहे. खिम्यात कांदा असतो.

"… हो. … हो, मला माहीत आहे सहा वर्षं झाली. … नाही, गॉर्डीला काही वाटलं नसतं. गॉर्डीने स्वतःच ती दोनदा बुडवली होती. … थांब, ओंडका बघते आता आलेच आहे तर."

तिने पोतं बाजूला केलं. टेप ड्वेनने नेली होती, म्हणून तिने भिंतीवरची जुनी लाकडी पट्टी घेतली, जी एरवी माशांची लांबी मोजायला असे.

"सालीसकट बावीस. सालीशिवाय एकवीसला किंचित कमी. बसतो, ड्वेन. … चीर कालच्यापेक्षा लांबलीय. अजून मध्यापासून चार इंच दूर आहे. सोमवारी सुरू केलं तर वाचेल. … हो. वाचेल.

"बरं, आता ऐक. बोट त्याला आवडली? … मोटरसकट दिलीस ना? मग त्याचं काही मागणं उरलं नाही. माझं पाकीट परत घेऊन ये. … पाकीट, ड्वेन! तपकिरी. तीन जत्रांमधून सॅलडचे वाडगे विकून जमवलेले अठ्ठावीसशे डॉलर. बोट दिली तर ते कशाला द्यायचे? … कुणाच्या खिशात?

"तू बाहेर काढलंसच कशाला? … नुसत्या हाताने कसं जायचं. बरं. आणि तो काय म्हणाला? … 'बोट भरपूर झाली, पैसे तुम्हीच ठेवा.' चांगला माणूस आहे. मग? … नाही. … नाही, ड्वेन, तू 'छे छे, असू द्या' असं म्हणाला नाहीस. … परत म्हणाला, ठेवा. आणि तू परत… … आणि मग तू वाट बघत उभा राहिलास."

आर्लिसला सगळं डोळ्यांसमोर दिसलं. डिमार्कोच्या एका खिशात बोट, दुसऱ्या खिशात पाकीट, आणि समोर आपला नवरा, टोपी हातात घेऊन, तिसऱ्या वेळेची वाट बघत.

"फोन दे त्याला. … दे. … मी भांडणार नाहीये. मी कधी भांडते? … दे म्हणते ना!

"हॅलो, मिस्टर डिमार्को? मी आर्लिस लिंडग्रेन. … हो, त्या उंच माणसाची बायको. … गोड आहे, हो, सगळे म्हणतात. … लेथ छान आहे तुमचा, मी ऐकलं त्यावरून. … 'वेगळा'? हो, म्हणाला असेल, ते सोडून द्या. मी अशासाठी बोलतेय की… आमच्याकडे एक पद्धत आहे. … नाही, धर्माची नाही. तशी धर्माचीच म्हणा. आमच्याकडे कुणी काही देऊ केलं की आम्ही दोनदा नको म्हणतो. … हो. आणि तिसऱ्यांदा घेतो. … कसं कळायचं? मोजायचं. … हो, प्रत्येक वेळी. … हो, कॉफीलासुद्धा. … लग्नालासुद्धा. मला त्याने तीनदा विचारलं होतं, दोन उन्हाळे लागले. तर त्या पाकिटाचं तुम्ही त्याला दोनदा म्हणालात…

"हसताय तुम्ही. … हसा, हसा. … काय? … शेजारी? … तुम्ही दोन वर्षं बोलावताय आणि ते येत नाहीत. … किती वेळा बोलावलंत? … दोनदा. अहो, ते रागावलेले नाहीत! ते बिचारे बरोबर आणायला हॉटडिशचं भांडं ओव्हनमध्ये तयार ठेवून तिसऱ्या बोलावण्याची वाट बघत असतील. … बायकोला सांगा, हो.

"देताय ना? आभारी आहे. … चक? कुठला चक? … मोठा, चार जबड्यांचा, न वापरलेला? … छे छे, तो कशाला. … नाही हो, खरंच, तुम्ही आधीच एवढं…"

लेथवर लाकूड घट्ट धरणाऱ्या त्या चकाची किंमत तिला पाठ होती. पलीकडे कुणीतरी हळूच एक, दोन असं मोजल्यासारखं वाटलं.

"… बरं, आता इतकं म्हणताच आहात तर. त्याची किल्लीही असेल ना? … आणि हत्यार टेकवायचा लांब टेकू असेल एखादा, नाही, सहजच विचारलं. … बरं, बरं, आणि तोही. ड्वेनला आता कॉफी विचारा हं. तो नको म्हणेल. … हो. बरोबर. शिकलात तुम्ही.

"ड्वेन? मिळालं? … मोज. … नको, राहू दे, त्यांच्यासमोर बरं दिसत नाही. गाडीत बसून मोज. कॉफी आली की पहिल्यांदाच हो म्हण. … बरं, दुसऱ्यांदा म्हण, तेवढं तरी कर, नाहीतर तू अर्ध्या वाटेत असतानाच चर्चचं जेवण संपेल. मोटरचं डोकं वेगळं काढून घोंगडीत गुंडाळ. रूळ उलटा ठेवू नकोस. पट्टे दोन बांध. … तीन बांध.

"बोटीतल्या पुढच्या सीटखालची पेटी काढलीस? गॉर्डीची गळांची? … आणि त्याची टोपी? … कुठे? … डोक्यावर. … बरी दिसते का? मला कसं दिसणार, ड्वेन, फोन आहे हा!

"काय? … ऐकू येतंय, फक्त परत म्हण. … परत."

ती त्या फिक्या चौकोनाच्या कडेला उभी होती. आत पाऊल ठेवलं नव्हतं. पलीकडे ड्वेन घसा साफ करून परत विचारत होता, त्याच बटाटे सोलण्याच्या आवाजात, लेथ गॅरेजमध्ये ठेवायचा का. तिने मोजलं. एकदा डिसेंबरात. एकदा फेब्रुवारीत.

"हो. … हो म्हटलं, ड्वेन. … अर्थात हो. … खिडकीकडे तोंड करून. … हो, पाट त्याच्यासमोर.

"आता फोन ठेव. … बरं. … हो, गारच आहे. … बरं मग. … रस्त्यात हरणं आडवी येतात, जपून ये. … हो, मर्लला सांगते. नाही, मर्लशी मी बोलणार नाहीये आठवडाभर. … बरं. … बरं मग, ड्वेन, आता… हा कसला आवाज? … अरे, ओव्हन! ओव्हन ओरडतोय कधीचा! ठेव, ठेव फोन!"

तिनेच ठेवला. चाळीसच्या चाळीस गोळे काळे झाले होते. साडेचारशेतून चाळीस वजा. आर्लिसने ते एका वेगळ्या पातेल्यात काढले, झाकण लावलं आणि वर चिठ्ठी चिकटवली, ड्वेनसाठी. हे ती त्याला एकदाही न विचारता वाढणार होती.